चौदाव्या प्रकरणातला आवाज

अंध वाचकांच्या ग्रंथालयातून लेखिकेला पत्र आलं, ते चांगलं टाइप केलेलं, मोजक्या शब्दांतलं. ‘आपली कादंबरी आम्ही ध्वनिमुद्रित केली आहे. आमच्या मंडळींची ऐकून झाली. बुधवारी दुपारी तीन वाजता चर्चा ठेवली आहे, आपण आलात तर आनंद होईल. एक आधीच कळवतो, आमच्याकडे लोक तोंडावर बोलतात.’ खाली ग्रंथपालांची सही.

लेखिका वाचून हसली. तिने बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. तोंडावर बोलणाऱ्यांचे वर्गच्या वर्ग तिने सांभाळले होते. निवृत्त झाल्यावर ती लिहायला बसली. पहिली दोन पुस्तकं कुणाच्या खिजगणतीत नव्हती, तिसरं मात्र चाललं. त्यात भीती होती, खून होता, आणि शेवटी गुन्हेगार पकडला जात होता. लोकांना आणखी काय हवं असतं?

बुधवारी ती वेळेवर पोचली. ग्रंथालय म्हणजे एक लांबट खोली. मध्ये मोठं टेबल, त्याच्या कडा हातांनी गुळगुळीत झालेल्या. भिंतीलगत कपाटं, आणि पलीकडे काचेआड ध्वनिमुद्रणाची खोली. फिनेलचा आणि जाड कागदाचा वास येत होता. टेबलाशी तिघं बसली होती: खुर्च्या विणणारे एक आजोबा, चाळीस वर्षं टेलिफोनवर काम केलेल्या ऑपरेटरबाई, आणि कायद्याचा अभ्यास करणारी एक मुलगी. ग्रंथपाल कपाटाशी उभे होते, त्यांची बायको चहा ओतत होती. कादंबरी तिनेच वाचून मुद्रित केली होती.

“नमस्कार. उशीर नाही ना झाला?” लेखिका म्हणाली.

ऑपरेटरबाईंनी झटकन मान वर केली. “अगंबाई, तोच आवाज! मी म्हटलं नव्हतं?”

लेखिकेने कधीतरी रेडिओवर मुलाखत दिली होती. त्यातला आवाज यांना आठवला असेल, असं समजून ती खुर्चीत बसली.

सुरुवात आजोबांनी केली. “राग मानू नका. पण पहिल्या पन्नास पानांत तुम्ही ‘अंधार’ किती वेळा म्हटलाय? मी मोजायला लागलो आणि हात टेकले. अंधार दाटला, अंधार गोठला, अंधार अंगावर आला. आम्हाला त्याचं काय हो? मी जन्मभर त्यातच बसून खुर्च्या विणल्या. माझ्या तर कधी अंगावर आला नाही.”

सगळी हसली. लेखिकाही हसली, पण आत कुठेतरी तिला लागलं. आपल्या कादंबरीतलं सगळं भय दिवा विझवण्यावर उभं आहे, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

“मला भीती वाटली,” मुलगी म्हणाली. “अंधाराची नाही. त्या शिवणयंत्राची. ते मध्येच थांबतं ना, तिथे.”

कादंबरीची गोष्ट अशी होती. एका दुमजली घरात वर एकटीच राहणारी शिवणकाम करणारी बाई. खाली दवाखाना. एका दुपारी तिचं यंत्र थांबतं ते थांबतंच. बाई गळा दाबलेली सापडते. रस्त्याकडची खिडकी आतून बंद. दारातून त्या दुपारी एकच माणूस आत गेलेला असतो, दवाखान्यातला कंपाउंडर, औषधाची बाटली द्यायला. पुढे जिन्यात पावलं वाजतात, खोलीत यंत्र आपोआप चालतं, आणि चौदाव्या प्रकरणात त्या बंद खिडकीवरून कंपाउंडर अडकतो.

“तिथेच माझा आक्षेप आहे,” आजोबा म्हणाले. “मरायच्या आधी ती बाई समोरच्या सायकलवाल्याचं भांडण ऐकते. ‘चाकाला हात लावू नकोस, आधी माझं ऐकून घे.’ शब्दन् शब्द ऐकते. बरोबर?”

“हो.”

“आणि तुम्ही सांगता, खिडकी सकाळपासून बंद. ते कसं जमेल? बंद खिडकीतून भांडण चाललंय एवढंच कळतं. शब्द कळत नाहीत. कानावर जगणाऱ्या माणसाला विचारा.”

“लेखकाने एवढी सूट घेतली तर चालतं हो,” लेखिका म्हणाली. शाळेत चूक फळ्यावर राहून गेली की ती अशाच आवाजात बोलायची.

“पण सूट कुठे घेतलीय?” ऑपरेटरबाई पुढे सरसावल्या. “तुम्ही स्वतःच तर ती चूक पकडलीत! आजोबा, मी तुम्हाला तेच सांगत होते. सबंध पुस्तकात उत्तम जागा तीच आहे. वाचणारी बाई म्हणते, खिडकी बंद होती. आणि लेखिका मध्येच बोलते. एकच शब्द. माझ्या अंगावर काटा आला.”

“मला ती लबाडी वाटली,” मुलगी म्हणाली. “लेखकाला ठाऊक असेल तर त्याने गोष्टीत सांगावं. असं बाहेरून बोलणं म्हणजे साक्षीदाराने निकाल लागल्यावर तोंड उघडण्यासारखं आहे.”

“निकाल लागल्यावर का होईना, उघडलं ना?”

लेखिका एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. “थांबा हं... मध्ये कोण बोलतं?”

“तुम्ही,” तिघंही एकदम म्हणाली.

तिने ग्रंथपालांच्या बायकोकडे पाहिलं. तिच्या हातात किटली तशीच होती. “मला वाटलं यांनी तुम्हाला बोलावून तेवढं घेतलं असेल. हे म्हणाले, मला वाटलं तू घेतलंस.”

“मी आज पहिल्यांदा इथे पाऊल ठेवतेय,” लेखिका म्हणाली.

कुणी घाबरलं नाही, निदान तेव्हा तरी नाही. उलट सगळ्यांना उत्सुकता लागली. ग्रंथपाल लगबगीने काचेआडच्या खोलीत गेले, चौदावं प्रकरण शोधून काढलं आणि बाहेरचा ध्वनिवर्धक लावला. सगळी टेबलाभोवती वाकून ऐकू लागली. लेखिकेला मजा वाटत होती. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात एक सुख असतं.

बायकोचा स्वच्छ, सावकाश आवाज: ‘इन्स्पेक्टरने कडी हलवून पाहिली. खिडकी आतून बंद होती.’

मग शांतता. पेला उचलल्याचा बारीकसा आवाज.

“इथे मी पाणी प्यायले,” बायको कुजबुजली. “एकटीच होते आत.”

आणि मग, अगदी जवळून, कानात सांगावं तसं...

‘नव्हती.’

लेखिकेच्या हातातली बशी टेबलावर टेकली गेली. आवाज तिचाच होता. शंका घ्यायला जागा नव्हती. शेवटच्या अक्षरावर किंचित खाली उतरायची तिची लकब, सर्दीने कायमची बसलेली खरखर, सगळं तेच. पण ती हा शब्द कधी बोलली नव्हती. निदान मोठ्याने तरी नव्हती बोलली.

“पुन्हा लावू?” ग्रंथपालांनी विचारलं.

“नको.”

ग्रंथपालांनी ध्वनिवर्धक बंद केला. मग आजोबा म्हणाले, “ते सायकलवाल्याचं भांडण तुम्ही रचलेलं नाही. रचलेलं भांडण असं नसतं. कुठे ऐकलंत?”

आणि लेखिकेने सांगितलं. का सांगितलं, हे तिलाही कळलं नाही. कदाचित समोर बसलेल्यांपैकी तिघांना तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून असेल.

ते घर खरं होतं. ती नऊ वर्षांची असताना तिचं बिऱ्हाड शिवणाऱ्या बाईंच्या शेजारच्या खोल्यांत होतं. बाईंच्या खिडकीखाली दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर. त्यावर उतरायची तिला बंदी होती, आणि ती रोज उतरायची. बाई काही बोलायच्या नाहीत, नुसत्या चिंध्या जमवून द्यायच्या बाहुलीसाठी. त्या दिवशीही ती पत्र्यावर बसली होती. सायकलवाल्याचं भांडण तिने तिथून ऐकलं, मागे यंत्र खडखडत होतं. मग आईची हाक आली, तशी ती पत्र्यावरून बाजूच्या बोळात उडी मारून पळाली. खिडकी सताड उघडी राहिली. बाईंना मारून कुणी त्याच वाटेने गेलं, आणि जाताना खिडकी ओढून घेतली, की कसं, देव जाणे. संध्याकाळी पोलिसाने खाली बसून, गोड आवाजात विचारलं, “बाळ, दुपारी खिडकी उघडी होती का गं?” आई शेजारी उभी होती. खरं सांगितलं तर मार ठरलेला.

“मी म्हटलं, बंद होती. कडी लावलेली होती. मी स्वतः पाहिली.”

“आणि कंपाउंडर?” मुलीने हळूच विचारलं.

“अकरा वर्षं आत होता.” लेखिकेने बशी दूर सारली. “शपथ घेऊन सांगते, पुस्तक लिहिलं तेव्हा मला यातलं काही... मला खरंच वाटत होतं की ती बंद होती. इतक्यांदा सांगितलं होतं मी.”

आजोबांनी टेबलाची कड दोन बोटांनी चाचपली. “ही गोष्ट तुमच्या पुस्तकापेक्षा चांगली आहे,” ते म्हणाले. “पण अर्धी आहे. कंपाउंडरच्या घरच्यांना कुठे सांगितलीत?”

ऑपरेटरबाईंच्या ओळखी जुन्या. त्यांनी तीन दिवसांत माहिती काढली. कंपाउंडर सुटून आल्यावर सहा वर्षांनी वारला होता. त्याची धाकटी बहीण होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर दोन खोल्यांत. रविवारी दुपारी लेखिका तिथे गेली. वाटेत तिने मनाशी वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. मग दार वाजवलं.

दार उघडलं ते पंचाहत्तरी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या बाईने. हाताला भिजवलेल्या कणकेचे कण.

“नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही,” लेखिकेने सुरुवात केली. “मी...”

म्हातारीने डोकं कलतं केलं. चेहरा उजळला. “अगं चिमणी! आलीस शेवटी? ये, आत ये. आवाजावरून लगेच ओळखलं.”

लेखिका उंबऱ्यातच थबकली. लहानपणी तिला घरी चिमणी म्हणत. आई-वडील गेल्यावर ते नाव ठाऊक असणारं कुणी उरलं नव्हतं.

“तुम्हाला... हे नाव कुणी सांगितलं?”

“तूच की! पहिल्यांदा फोन केलास तेव्हा. बस ना, उभी का?” म्हातारीने खुर्ची पुसून पुढे केली. “तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानात यायचा, दुकानदार मला हाक मारायचा. एवढीशी होतीस तू. रडत रडत म्हणायचीस, मावशी, खिडकी उघडी होती. मी वकिलाला सांगितलं. तो तुमच्या घरी जाऊन आला. तुझी आई म्हणाली, आमची पोर महिनाभर तापाने अंथरुणात आहे, ती कुठून फोन करणार? त्यावर सगळंच थांबलं.”

तो ताप लेखिकेला आठवत होता. महिनाभर ती एक शब्दही बोलली नव्हती. आवाजच बसला होता तिचा.

“मी दादाला तुरुंगात भेटायला जायची, तेव्हा सांगायची,” म्हातारी पुढे म्हणाली. “तो म्हणायचा, पोर आहे, तिला रागावू नकोस. पुढे तूही मोठी झालीस. आवाज बदलला, मग पुन्हा बदलला. शाळेत लागलीस तेही सांगितलंस. दादा गेला तेव्हा तर तू फोनवर किती वेळ नुसती गप्प बसून होतीस. दर रविवारी तीन वाजता बोलतो आपण, पण भेट कधी नाही. मला वाटायचं, धीर होत नसेल तुझा.”

“मावशी,” लेखिका म्हणाली. “मी कधीच... मी तुम्हाला एकदाही फोन केला नाही.”

म्हातारी हसली, चेष्टा समजून. मग हसू हळूहळू विरलं. लेखिका जे सांगायला आली होती ते तिने सांगून टाकलं: छप्पर, चिंध्या, आईची हाक, पोलिसाचा गोड आवाज. सांगताना तिला हुंदका आवरेना. म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, “लिहून दे मला. सही करून. दादाचं नाव तेवढं धुतलं जाऊ दे.” लेखिकेने तिथेच कागद मागितला. पहिली ओळ लिहिली. अक्षर स्वच्छ आलं.

आतल्या खोलीत फोन वाजला.

म्हातारीने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजले होते. ती उठली, आत गेली. दार उघडंच होतं. लेखिकेला तिची पाठ दिसत होती, कानाला लावलेला फोन दिसत होता.

“हो,” म्हातारी म्हणाली. “हो, चिमणी... बोल.”

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग फोन तसाच धरून वळली. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

“विचारतेय,” ती अगदी हळू म्हणाली, “घरात कोण आलंय?”