चंद्रावरच्या मुलांनी चुकवलेला प्रश्न

त्या वर्षी चंद्रावरच्या वस्तीतून कॉलेजच्या प्रवेश चाचणीला बसलेल्या बहुतेक मुलांनी एकच प्रश्न चुकवला. कच्च्यांनी चुकवला तसा हुशारांनीही. रेणुकानेही चुकवला, आणि पृथ्वीवरच्या सागरविज्ञान कॉलेजातली जागा एका गुणाने तिच्या हातून गेली.

प्रश्न साधा होता. ओले कपडे सर्वांत लवकर कधी वाळतात? रेणुकाने ‘हवा नसताना’ या पर्यायावर खूण केली होती. चाचणी घेणाऱ्या मंडळाने बरोबर धरलं होतं ‘वारा वाहत असताना’.

तिला यात काही चूक दिसेना. वस्तीत ओले कपडे पेटीत ठेवतात आणि पेटीतली हवा काढून घेतात. हवेचा दाब गेला की पाण्याची भराभर वाफ होते. वारा तिने चित्रफितीतच पाहिला होता.

आईबाबा लांबच्या खाणीवर कामाला असल्यामुळे ती आजोबांकडे राहायची. आजोबा मोजमापाच्या उपकरणांचे शास्त्रज्ञ. आजी गेल्या वर्षी वारली. रेणुका पृथ्वीवर गेली की घरात आजोबा आणि बारक्या नावाचा यंत्रमानव, एवढेच उरणार होते. हे आजोबा आणि नात दोघांनाही माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं.

“या चाचण्या बंदच करायला हव्यात,” रेणुका म्हणाली.

आजोबांना ते पटलं नाही. पूर्वी काही ठिकाणी शाळेच्याच गुणांवर प्रवेश देत, त्यांनी सांगितलं. एक शाळा हात सैल सोडून गुण द्यायची, दुसरी अर्धा गुण देतानाही कुरकुरायची. जो तो आपल्या वितीने मोजणार, मग कापड कुणाचं लांब ते कळणार कसं? म्हणून प्रमाणित चाचणी आली (सगळ्यांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ आणि तपासायची तीच पद्धत). कॉलेजचा अभ्यास कुणाला झेपेल, याचा ती अंदाज देते. माणूस पुरता मोजत नाही.

“पण पट्टी एकच असून भागत नाही,” ते म्हणाले. “उंची मोजताना कुणी पाटावर उभं असेल, तर पाटही मोजला जातो. इथे पाट आहे का, ते बघू.”

मंडळ दरवर्षी सगळ्या उत्तरपत्रिका नावं काढून खुल्या करत असे. आजोबांनी बारक्याला त्या चाळायला सांगितलं. बाकीच्या प्रश्नांत सारखेच गुण असलेली मुलं त्याने एकत्र केली, मग त्यांचे दोन गट पाडले, पृथ्वीचा आणि चंद्राचा. दोन्ही गटांची तयारी सारखी, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला दोन्हींकडे साधारण सारख्याच प्रमाणात उत्तरं बरोबर यायला हवीत. तशी येतही होती. कपड्यांच्या प्रश्नाला मात्र पृथ्वीची दहातली नऊ बरोबर होती आणि चंद्राची दहातली दोन.

रेणुका आकड्यांकडे बघत राहिली. “म्हणजे हा प्रश्न विज्ञान येतं का ते विचारत नाहीये. राहता कुठे, ते विचारतोय.”

“यालाच प्रश्नाचा कल म्हणतात (एका गटाला विनाकारण सोपा किंवा अवघड जाणं),” आजोबा म्हणाले. “मंडळाला कळव. आकडे जोड, रडगाणं नको.”

बारक्याने विचारलं, की ती गेल्यावर रोज चहा एकच कप करायचा का. आजोबांनी त्याला गप्प बसायला सांगितलं.

मंडळाने महिनाभर तपासणी केली. मग तो प्रश्न सगळ्यांच्याच गुणांतून वगळला आणि यादी नव्याने लावली. रेणुकाचं नाव तिच्यात आलं. पुढच्या वर्षापासून प्रत्येक नवा प्रश्न आधी दोन्हीकडच्या मुलांना देऊन पाहायचा, असंही ठरलं. चंद्रावरून प्रश्न काढायचं काम आजोबांकडे आलं.

“तुमच्या प्रश्नांत तिकडची पोरं अडकतील,” रेणुका सामान बांधता बांधता म्हणाली.

“अडकतीलच. मला काय कळणार, तिकडे आता काय चालतं ते.”

रेणुकाने पिशवीचा पट्टा आवळला.

“मग छापायच्या आधी मला वाचून दाखवत जा,” ती म्हणाली. “रोज एक.”