पलीकडून धरणारा हात

तिनं त्याचा चेहरा नंतर पाहिला. आधी पाहिला तो हात.

ती जीपखाली उताणी पडली होती. गाडीचं वजन पेलणाऱ्या मागच्या पाट्याचा बोल्ट काही केल्या दाद देईना. अलीकडून नट फिरवावा, तर पलीकडे बोल्टही सोबत गरागरा फिरायचा. नाकाच्या शेंड्यावर ग्रीस, डोळ्यांत घाम... आणि चाकापाशी कुणाचे तरी बूट आरामात उभे!

"अहो, बघत काय राहिलाय? पलीकडून पाना धरा की!"

बूटवाला गुडघ्यांवर बसला. चाकामागून एक हात आला, त्यानं पाना धरला आणि धरूनच ठेवला. ती सगळा जीव लावून नट ओढत होती, पण तो हात तसूभर हलेल तर शपथ! नट कुरकुरला आणि सुटला. ती त्या हाताकडे बघतच राहिली. असं निमूट, असं भक्कम कुणी काही धरून ठेवतं, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"मी स्पेअर पार्टच्या दुकानातून आलोय," हाताचा मालक म्हणाला. "नवे पाटे आणलेत. इकडे चहाच्या आधी काम देतात वाटतं?"

ती बाहेर आली आणि हसली. नाकावरचं ग्रीस तिला आठवलं, पण तोवर त्यानं ते मनसोक्त पाहून घेतलं होतं.

गॅरेज तिच्या मावशीचं. तरुणपणी मावशी याच जीपमधून पांढऱ्या मैदानापर्यंत एकटी जाऊन आली होती. रस्ता संपतो, त्याच्याही पुढे खूप लांब आटलेलं तळं आहे... नुसतं मीठ, आणि वर आभाळ. "कसं आहे गं?" असं भाचीनं लहानपणापासून हजारदा विचारलं असेल. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी मावशी तेवढ्यापुरती गप्प व्हायची. त्या गप्प बसण्यानंच पोरीला वेड लावलं. जायचं तर तिथंच, आणि एकटीनं.

मावशीची अट एकच. वाटेत जे जे मोडू शकतं ते ते अंगणात खोलून, पेटीतल्याच हत्यारांनी एकटीनं जोडून दाखवायचं. भिंतीवरच्या हत्यारांना हात लावायचा नाही. "पेटीत नाही ते जगात नाही!" मावशी बजावायची. "जमलं तर किल्ली तुझी. नाही तर बस घरी."

स्पेअरवाला मग रोज यायला लागला. कधी नळी, कधी फ्यूज... दुकान जणू त्याच्याशिवाय चालत होतं!

"नवा फॅनबेल्ट गाडीला लावा, जुना पेटीत ठेवा," तो म्हणाला. "जुना पारखलेला असतो. नव्याचा काय भरवसा?"

"माणसांचंही तसंच असतं का?"

"माणसांचं मला काय विचारता? मी तर अजून पाकिटातूनच निघालेलो नाही!"

ती इतकी हसली की पाना हातातून पडला. अहो-जाहो कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

सगळं जमलं. राहिला तो मागच्या पाट्याचा झिजक्या डोक्याचा बोल्ट. मावशीनं तो मुद्दाम बदलला नव्हता. "रानात झिजकेच भेटतात," म्हणे. नट फिरवायला तिचे दोन्ही हात लागत, आणि पलीकडे पाना कुणी दाबून धरला नाही तर निसटे. ती पुन्हा पुन्हा हरली. शेवटी पाना टाकून मातीतच बसली. डोळे भरून आले होते.

"एकटीचं काम नाही हे," मावशी म्हणाली. "दुसरं कुणी सोबत घे, नाही तर नाद सोड."

शेजारी नळ्या मोजत बसलेल्या स्पेअरवाल्यानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला... मग त्यानं तिचे भरलेले डोळे पाहिले आणि तो उठून दुकानाकडे निघाला.

दुसऱ्या सकाळी त्यानं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तिच्यापुढे ठेवलं. ग्रिप प्लायर. एकदा आवळली की सोडणार नाही अशी पक्कड. "ही तुझ्या पेटीत ठेव. बोल्टच्या डोक्यावर आवळ. दांडा चासीला टेकव. माझ्याऐवजी हीच धरून ठेवेल."

तिनं तसंच केलं. नट सुटला... आणि पुन्हा बसलाही!

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग दिलं का नाहीस?"

"दिलं असतं तर मला कुणी बोलावलं असतं?"

सोबत जायला मिळत असताना या माणसानं आपल्या हातानं आपलीच गरज संपवली! मावशीनं तिच्याकडे किल्ली फेकली.

पेटीतलं एकेक हत्यार तिनं चिंध्यांत गुंडाळून बसवलं, खडखड म्हणून होऊ नये यासाठी. निघताना तो फाटकाशी उभा होता. "नीट जा," तो म्हणाला. तिनं गिअर टाकला.

ती परतली तेव्हा जीप छतापर्यंत पांढरी झाली होती, आणि तिच्या पापण्यासुद्धा. स्पेअरवाला अंगणात घुटमळत होता. त्या दिवशी हातात पोचवायला काहीही नव्हतं.

"बोल्ट ढिला झाला होता," ती म्हणाली. "एकटीनं आवळला."

"शाब्बास!" मावशी म्हणाली. "आणि पेटीत काय कमी पडलं? कमी पडलं ते पुढच्या खेपेला न्यायचं, नियम आहे आपला."

"पेटीत काहीच नाही." ती आता त्याच्याकडे बघून बोलत होती. "पण तिथं पोचले ना... जमीन कुठं संपते आणि आभाळ कुठं सुरू होतं, कळेचना. छातीत मावेना रे! मी मोठ्यानं म्हणाले, 'अरे, बघ!'... आणि शेजारची सीट रिकामी. माझं कशावाचूनही अडलं नव्हतं. तरी तू हवा होतास."

त्यानं शेजारच्या सीटवरचं मीठ हातानं झटकलं. मग हळूच म्हणाला, "माझं वजन बरंच आहे हं."

"असू दे. पाटे नवे आहेत."

मावशी तोंड फिरवून आत गेली आणि उगाचच कशावर तरी हातोडी ठोकत बसली.