नदीकडच्या दारातली वात

मागचं दार लावलंत ना? मग ऐका. हे माझ्या नणंदेच्या विहीणबाईंच्या घरी घडलं, मँचेस्टरला, दोन हजार पाचच्या लक्ष्मीपूजनाला. यमुनाबाई त्यांचं नाव, माहेर वऱ्हाडातलं.

घड्याळं नुकतीच तासभर मागे गेली होती, त्यामुळे चारलाच उजेड ओसरू लागला. सुपरमार्केटमधल्या नकली, प्लॅस्टिकच्या कापसाची वात जळेना, नुसती वितळायची. म्हणून त्यांचा मुलगा सतीश वातींचं पाकीट आणायला निघाला, येताना बायकोला, सुप्रभालाही हॉस्पिटलमधल्या ड्यूटीवरून घेणार होता.

"आई, मी येईपर्यंत थांब हं."

"लक्ष्मी थांबते होय रे तुझ्या ट्रॅफिकसाठी?"

घरी उरल्या यमुनाबाई आणि पाच वर्षांची नात, तनू, तिकडेच वाढलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी.

सतीशचा फ्लॅट नदीकाठच्या जुन्या वखारीत, चौथ्या मजल्यावर. दीडशेएक वर्षांपूर्वी अमेरिकेत यादवी लढाई पेटली, तिकडचा कापूस बंद पडला, तेव्हा आपल्या वऱ्हाडातल्या कापसाच्या गाठी या वखारीत यायच्या म्हणे. त्या नावेतून वर ओढून घ्यायला नदीच्या अंगाला मोठं दार होतं. आता त्याला काच लावलेली, बाहेर गजांचा कठडा.

शेल्फ ठोकताना सतीशला तुळईच्या फटीत मूठभर कापूस सापडला होता, सरकीसकट. तो त्यानं कौतुकानं बरणीत ठेवलेला. यमुनाबाईंनी बरणी उघडली, सरकी वेचली, मांडीवर वात वळली. इतक्या वर्षांचा कापूस, पण हाताला असा लागला जसा काल वेचलेला.

पुढच्या दारात दिवा ठेवावा तर कॉरिडॉरमधला फायर अलार्म वाजायचा. मग त्यांनी नदीकडच्या दाराशी रांगोळी घातली, आत येणारी लक्ष्मीची पावलं काढली, त्या वातीची पणती लावली, लाईट मुद्दामच लावला नाही. दार सताड उघडून हात जोडले.

"ये गं बाई. घर तुझंच आहे."

आणि लाह्या-बत्तासे आणायला त्या स्वयंपाकघरात गेल्या.

धप्... धप्...

त्यांचा हात थांबला. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. माहेरी गाडीत कापूस भरला की बायका आत उतरून तो पायांनी तुडवायच्या. असाच मऊ, दबका आवाज यायचा. पण इथे?

"तनू?"



त्या बाहेर आल्या. वारा आत घुसत होता, तरी पणतीची ज्योत हलत नव्हती. नदीवरचं धुकं कठड्यापर्यंत चढलेलं. पांढरं. दाबून भरल्यासारखं.

तनू कठड्याच्या वरच्या गजावर उभी होती. एक हात बाजूला, कुणीतरी धरल्यासारखा. पाय जागच्या जागी वरखाली होत होते.

धप्... धप्...

आवाज चार पायांचा होता.

"बाळा... खाली ये."

"आजी, बाई म्हणतो, जंप कर. खाली कॉटन आहे. सॉफ्ट सॉफ्ट."

"कोण बाई?"

"तू बोलावला ना!"

धावावं, तर पोर दचकेल. ओरडावं, तर तोल जाईल. तनूनं एक पाय कठड्यापलीकडे टाकला...

त्या वाकल्या. पेटती वात चिमटीत धरली. दाबली.

चर्र...

अंधार.

"जा बाई... चुकलं माझं... लेकरू सोड."

तुडवणं थांबलं. नदीचाही आवाज नाही. काहीच नाही.

चाचपडत त्यांनी तनूचं मनगट धरलं. ओढलं. पलीकडूनही कुणीतरी ओढलं. एकदा... दोनदा...

मग एकदम सुटलं. दोघी रांगोळीत आपटल्या. यमुनाबाईंनी पायानंच दार लोटलं आणि पोरीला छातीशी आवळलं.

सतीश आणि सुप्रभा आले तेव्हाही त्या तशाच बसलेल्या.

"अहो आई, अंधारात काय बसलात?" सुप्रभानं लाईट लावला. तनूला उचलून घेताना ती थबकली. "हे कुणाचं पाऊल?"

लक्ष्मीची पावलं पार विस्कटली होती. पण उंबऱ्याशी, रांगोळीत, एक अनवाणी पाऊल स्पष्ट उमटलं होतं. मोठ्या बाईचं. दुसऱ्या बोटाला जोडव्याचा वळ.

यमुनाबाईंनी जोडवी नवरा गेल्यावर उतरवलेली. सुप्रभानं कधी घातलीच नव्हती.

पाऊल आत येणारं होतं. सतीशनं बॅटरी घेऊन सगळी रांगोळी पाहिली, कठड्यापर्यंत पाहिलं.

बाहेर जाणारं एकही नव्हतं.