सातवी बरणी

मुलांनो, एक गॅरेज डोळ्यांसमोर आणा बरं. दुपारची वेळ, शटर अर्धं वर, हवेत ऑइलचा वास. मधोमध एक जुनी निळी गाडी, बॉनेट उघडं टाकलेली. खिडकीच्या फळीवर काचेच्या रिकाम्या बरण्या. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेत, ते आत्याचे. आणि मांडीवर वही घेऊन स्टुलावर बसलीय, ती नऊ वर्षांची खारू. सापडेल तो नट, सापडेल तो स्क्रू फ्रॉकच्या खिशात साठवायची, म्हणून आत्यानं तिला खारुताई केलं आणि पुढं ताईही गळून गेली.

गाडी खारूच्या बाबांची. वर्षभर कापडाखाली उभी होती. आता आईला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती आणि शुक्रवारी मायलेकी याच गाडीनं निघणार होत्या. पण गाडी सुरू केली की दहा मिनिटांत इंजिन तापायचं.

"का तापतं, सांग पाहू," आत्या गाडीखालूनच म्हणाली.

"आतलं पाणी घाण झालंय."

"पाणी काय म्हणतेस? कूलंट म्हण. चव बिव घ्यायची नाही हं, गोड लागतं आणि विषारी असतं. नुसता रंग बघायचा. दुधाळ दिसलं तर ऑइल मिसळलंय. तपकिरी दिसलं तर गंज."

आत्याची एक पद्धत होती. जुनं सोडायचं, साधं पाणी भरायचं, हीटर लावून इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं आणि पुन्हा सोडायचं. दर खेपेचं थोडं पाणी एकेका बरणीत. बरण्या ओळीनं मांडल्या की फरक आपोआप कळतो. पहिली बरणी काळपट निघाली. तिसरी तपकिरी. पाचवी पिवळसर. सहाव्या बरणीतून खिडकीचे गज स्पष्ट दिसले.

सातवी पुन्हा गढूळ निघाली. तळाशी बारीक वाळू.

आत्यानं त्यातलं चमचाभर ताटलीत ओतून उन्हात ठेवलं. सुकल्यावर पांढरे, चौकोनी कण उरले.

"मीठ! कुणीतरी खाऱ्या बोअरचं पाणी ओतलंय यात. काय एकेक मेकॅनिक असतात, डोकं घरी ठेवून येतात."

"पण मग सहावी स्वच्छ कशी?"

आत्या पुन्हा गाडीखाली शिरली. 

तिनं सगळे पाइप बदलले. हवा भरून दाब तपासला, कुठंही गळती नव्हती. सोमवारी सकाळी नवं हिरवं कूलंट भरलं आणि कूलंटच्या वरच्या प्लास्टिकच्या डब्यावर खडूनं रेघ मारली. "इंजिन तापलं की पातळी चढते, निवलं की उतरते. आता हे गार आहे, म्हणजे हलता कामा नये. लक्ष ठेव. हललं तर वेळ लिही."

खारूनं लिहिलं. सोमवारी एक वाजून दहा मिनिटांनी कूलंट रेघेच्या दोन बोटं वर गेलं, तपकिरी झालं आणि संध्याकाळपर्यंत उतरलं. फळीवरच्या सातव्या बरणीतलं पाणीही तेवढंच चढलं, तेवढंच उतरलं. मंगळवारी दोन वाजता. बुधवारी दोन पन्नासला. इंजिनाला कुणी हातही लावला नव्हता.

गुरुवारी दुपारी तिनं वही आत्यापुढं धरली. "रोज पन्नास मिनिटं उशिरा. आमच्या भूगोलात आहे, आत्या. भरती अशीच येते."

"समुद्र इथून आठ तासांवर आहे, बाळा."

"पण गाडी तिथंच सापडली होती ना?"

आत्यानं हातातला पाना हळूच खाली ठेवला.

खरंच तिथंच सापडली होती. किनाऱ्यावर, कोरड्या वाळूत, चारही दारं आतून कुलूपबंद. किल्ली आत लटकत होती. बाबा सापडले नाहीत.

या गाडीची एक खोड होती. चालकाच्या दाराचं कुलूप बाहेरून उघडत नसे; आत्याही पलीकडच्या दारानंच आत शिरायची. पण बाबांचं त्यामुळं कधी अडत नव्हतं, कारण मागच्या सीटवर खारू असायचीच. उतरताना ते किल्ली आतच ठेवत, काचेलगतची कुलपाची खिटी दाबत, दार लावत. परत आले की काचेवर दोनदा टकटक करत, आणि खारू मागून हात लांबवून खिटी वर ओढत असे. त्या दिवशी मात्र ती गेली नव्हती. सहलीला पाठवलं नाही म्हणून रुसून बसली होती. बाबा सवयीनं खिटी दाबून उतरले असतील का? ओले, गारठलेले परत आले असतील का? वर्षभर हे तिनं कुणालाच विचारलं नव्हतं. उद्या गाडी गावाबाहेर गेली, की मग बाबांनी यायचं तरी कुठं?

"मी वहिनीला फोन करून येते," आत्या उठत म्हणाली. "गाडी नाही न्यायची. तू इथंच बस. तिला हात लावशील तर बघ!"

ती आतल्या खोलीत गेली. भिंतीवरचं घड्याळ तीन पस्तीस दाखवत होतं.

तीन चाळीसला कूलंट रेघेच्या वर सरकलं. मग दोन बोटं वर. मग झाकणापर्यंत.

आज ते थांबलं नाही.

झाकणाखालून पाणी ओघळलं, बंपरवरून टपटपलं, फरशीवर पसरलं. ऑइलचा वास नाहीसा झाला. खारट, गार वारा सुटल्यासारखं वाटलं, पण खिडकीतलं फडकं हलत नव्हतं.

फळीवर सातवी बरणी काठोकाठ भरली होती.

टक. टक.

खारूनं मान वळवली. चालकाच्या काचेवर गॅरेजची धूळ होती. त्या धुळीत, बाहेरच्या बाजूनं, बोटांच्या पेरांएवढे दोन ओले ठिपके उमटले होते.

दाराशी कुणीही नव्हतं.

"आले, बाबा," ती म्हणाली.

मागचं दार उघडून ती आत शिरली, आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि हात लांबवून खिटी वर ओढली.

दार उघडलं. दार लागलं. पुढची सीट सावकाश दबली आणि गाडी त्या बाजूला जराशी कलली.

"खारू!" आतून आत्याची हाक आली. "खारू, कुठं आहेस?"

बेल्ट लावल्याशिवाय बाबा कधीच गाडी सुरू करत नसत. खारूनं बेल्ट ओढला आणि खट्‌कन लावला.