चाकाखालचा दगड

ऊन डोंगरावरून निघायच्या बेतात असताना आन्सेल्मोने खिंडीतल्या उतारावर मोटारघर थांबवलं. तोंड दरीकडे होतं. पुढचा घाट अवघड, आणि एर्मेलिंदाचा खुबा ठणकत होता. मुक्काम इथेच. पण पलंग कलता राहिला की ती झोपेत घसरे आणि सकाळी तिला उभं राहता येत नसे.

त्याने आधी तिला खाली उतरवलं. गाडी फळ्यांवर चढवता-उतरवताना आत कुणी बसायचं नाही, हा त्याचा नियम. पुढची दोन्ही चाकं फळ्यांवर घेतली, हँडब्रेक ओढला, चाकांपुढे पाचरी ठोकल्या. पाणसळ गाडीच्या फरशीवर आडवी ठेवली. डावीकडे अजून बोटभर कमी होतं. वाटेकडेला दगडांची रास होती. त्यातला एक चपटा दगड आणून त्याने डाव्या फळीखाली सारला. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला.

एर्मेलिंदा आत जाऊन पडली. खिडकीतून तिची नजर राशीकडे गेली.

"दगड कुठला घेतलास?"

"तिथलाच."

"आपाचेतावरचा?" ती उठून बसली. ती याच डोंगरातली. तो खाली पाराना नदीकाठचा. "अरे म्हाताऱ्या, घाट चढून आलेला माणूस आपला शीण दगडात घालून त्या राशीवर ठेवतो आणि मोकळा होऊन पुढे जातो. तू कुणाचा उचललास?"

"दगड तो दगड. झोप."

वारा नव्हता. तरी फरशी करकरली. चुलीवरच्या किटलीतलं पाणी एका बाजूला गोळा झालं. बुडबुडा सावकाश उजवीकडे सरकत होता.

आन्सेल्मो बाहेर आला. जमीन खडकासारखी टणक, आणि दगड फळीसकट तिच्यात रुतत चालला होता...

"मी घसरतेय..." आतून आवाज आला.

"उतर खाली!"

"पाय धरत नाही रे... तू चालव."

नियम मोडला. पाचरी काढून त्याने गाडी फळ्यांवरून मागे घेतली, ब्रेक ओढला, पुन्हा पाचरी ठोकल्या. दगड उचलताना कंबर मोडायची वेळ आली. आणताना तो एका हाताने आणला होता. राशीवर ठेवून तो म्हणाला, "चूक झाली." कित्येक वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते.

फळ्या काखेत मारून तो परतला.

"आता कसं छान सपाट झालं," एर्मेलिंदा डोळे मिटून म्हणाली. "हलवू नकोस हं आता."

"मी अजून काही लावलंच नाही..."

त्याने दारातून पाहिलं. बुडबुडा मधोमध होता. काखेतून एक फळी निसटली, आणि उतारावरून दरीकडे घसरत गेली.

मग फरशीखाली, डाव्या चाकापाशी, कुणीतरी लांब श्वास सोडला. ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेताना हमाल सोडतो तसा.

आन्सेल्मो खाली वाकला नाही.