हरकतीचा अर्ज

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं, तरी पाऊस कोल्हापूर सोडायला तयार नव्हता. चिवट पाहुण्यासारखा रोज 'निघतो, निघतो' म्हणायचा आणि दुपारच्या चहाला पुन्हा हजर.

अशाच एका भिजक्या सकाळी नृसिंह वाडीकर कॉमर्स कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोर हातात कागद धरून उभा होता. साल एकोणीसशे सत्तावन्न. प्राध्यापक सबनीस नुकतेच अमेरिकेहून परतले होते. परदेशी गेलेले लोक येताना घड्याळ आणतात. सबनीस सरांनी स्पर्धा आणली. तिघा-तिघा विद्यार्थ्यांचे संघ करायचे, प्रत्येक संघाला एखाद्या व्यापाऱ्याची खरीखुरी अडचण द्यायची आणि तिच्यातून वाट कशी काढाल ते परीक्षकांपुढं उभं राहून सांगायचं. पहिला येणारा संघ पुण्याला जाणार.

खाली लाल शाईत एक टीप होती : 'एका तालमीचे किंवा एका पेठेचे तिघे चालणार नाहीत.' सर अमेरिकेत राहून आले असले तरी मूळचे कोल्हापूरचेच. इथं कशाचाही संघ करायचा म्हटलं की तालमी आखाड्यासकट येऊन उभ्या राहतात, हे त्यांना ठाऊक होतं.

नृसिंहच्या कागदावर एकच नाव होतं. त्याचं स्वतःचं. खाली दोन रिकाम्या ओळी. आठ दिवस तो त्या ओळींकडे बघत होता. कुणाला विचारायचं म्हणजे त्याला अडचण तर होणार नाही ना, हे आधी विचारायला हवं, आणि ते विचारायला सवड आहे का, हे त्याच्याही आधी. नाव नृसिंह खरं. पण खांबातून बाहेर यायची वेळ आलीच, तर हा आधी खांबाच्या मालकाची परवानगी काढेल, असं त्याचे वडीलच म्हणत. वडील, म्हणजे तात्या, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे.

"ओ पावणं, जरा सरकता का? का भिंत तुमच्या नावावर हाय?"

नृसिंहनं वळून पाहिलं, आणि सरकायचं राहून गेलं.

समोर एक मुलगी उभी होती. निथळती छत्री, खांद्यावर ओली वेणी, आणि नाकाच्या शेंड्यावर पावसाचा एक थेंब... पडू की नको असा थांबलेला.

"स—सरकतो," तो म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.

तिनं त्याच्या कागदात डोकावलं. "दोन जागा मोकळ्या हायत की. कोण मिळंना व्हय?"

"अजून विचारलं नाही... कुणाला."

"मग ती आपली आपण उगवणार हायत? आणा हिकडं."

तिनं त्याच्या खिशातलं पेन काढलं — त्याच्याच खिशातलं, त्याला न विचारता — आणि भिंतीला कागद टेकवून दुसऱ्या ओळीवर लिहिलं : रत्नव्वा भरमाप्पा हत्तरगी. नाकावरचा थेंब तेवढ्यात पडला आणि 'हत्तरगी'तला 'ह' जरा फुलला.

कॉलेजात मुली दोन. लाल मातीत भल्याभल्यांना अस्मान दाखवणारी पोरं मुलीशी बोलायची वेळ आली की चपलेचा अंगठा तपासत बसायची. त्यामुळे रत्नव्वाला कुणी संघात बोलावलं नव्हतं, आणि नृसिंह कुणाला बोलावणारा नव्हता. तिसरा मिळाला ज्ञानू पैलवान. 'स्पर्धा' एवढाच शब्द वाचून तो आला होता.

"जोड कुणाशी हाय?" त्यानं पहिला प्रश्न विचारला.

"अडचणीशी," नृसिंह म्हणाला.

"वजनी गट?"

*

तयारी शाहूपुरीत, रत्नव्वाच्या वडिलांच्या, भरमाप्पांच्या, गुळाच्या अडतीत व्हायची. दुपारचा सौदा उरकला की ढेपांच्या थप्प्यांमध्ये एक चटई पडायची. एका टोकाला रत्नव्वाची आत्या हिराबाई अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायची. तिची नजर सुपारीवर, कान चटईवर.

नृसिंहनं जन्मभर गूळ खाल्ला होता, पण गूळ ऐकायचा असतो हे त्याला माहीत नव्हतं.

"टकटक करा," रत्नव्वानं एक ढेप पुढं सरकवली. "काय म्हणती?"

"...काही नाही."

"मोठ्यानं बोलत न्हाई ती. तुमच्यासारखीच हाय. कान लावा की."

त्यानं ढेपेला कान लावला. तिनं पलीकडून बोटानं ठोकलं. टणक, स्वच्छ आवाज, चांगल्या गुळाचा. ढेपेच्या कडेवरून तिचे डोळे दिसत होते, अगदी जवळ, आणि ते हसत होते.

"आलं ऐकू?"

"आलं," तो म्हणाला. काय ऐकू आलं ते त्यानं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

"आवाज सुपारीला पण असतोय हं," हिराबाई म्हणाली, आणि अडकित्ता जरा जोरात वाजला.

तो इंग्रजी पुस्तकांतले मुद्दे मराठीत सांगायचा. ती ऐकून म्हणायची, "म्हंजे गिऱ्हाईक फसवू नका, एवढंच न्हवं? मग त्याला पाच पानं कशाला?" आणि त्याला पटायचं. ज्ञानू शेंगदाणे-गूळ खाऊन झाला की झोपायचा. मधेच उठून असा काही सरळ प्रश्न विचारायचा की पुन्हा पहिल्यापासून मांडणी करावी लागे. घरी जाताना शाहूपुरीभर ताज्या गुळाचा वास पसरलेला असायचा, आणि नृसिंहला मनापासून वाटायचं की या गावानं, या पावसानं, त्या नोटीस बोर्डानं आपल्यावर केवढे उपकार केले आहेत. कृतज्ञ माणूस प्रेमात पडला की त्याला उशिरा कळतं. बराच काळ तो त्याला उपकारच समजत राहतो.

एका दुपारी रत्नव्वा बोलता बोलता थांबली.

"निपाणीचं स्थळ आलंय. तंबाकूवाले हायत. संक्रांत झाली की बघायला येणार."

अडकित्ता थांबला.

"मग?" नृसिंहनं विचारलं.

"आप्पा म्हणत्यात, कॉलेजात शिकून गूळ जास्ती गोड हुतो का? मी म्हटलं, स्पर्धेत पहिली येऊन दावते. मग म्हणाले, पुण्याला गेलीस तर पुढं शीक. निपाणीवाल्यांना न्हाई म्हणून सांगतो. न्हाई गेलीस तर..." तिनं ढेपेवरची मुंगी हळूच उचलून खाली सोडली. "तर न्हाई."

*

त्यानंतर चौथ्या दिवशी इंदुलकर आला. इंदुलकरचा संघ कॉलेजातला सर्वांत भारी. एकाला इंग्रजी वक्तृत्वाची ढाल, दुसऱ्याच्या घरी मोटार. पण त्यांच्यातल्या तिसऱ्याला विषमज्वर झाला होता.

"वाडीकर, तुमची हत्तरगी आम्हाला द्या," तो म्हणाला. "तुम्ही तिघं काही पुण्याला पोचत नाही. आम्ही पोचणार. तिचं भलं होईल. सर म्हणाले, संघनायकानं ना-हरकत लिहून दिली की झालं."

नृसिंह रात्रभर तळमळला असं लिहायला छान वाटलं असतं. प्रत्यक्षात त्यानं पाच मिनिटांत लिहून दिलं. तिचं कॉलेज टिकत होतं ना? मग आपला संघ मोडला तर मोडू दे. 'सदर विद्यार्थिनीस आमच्या संघातून मुक्त करण्यास माझी कोणतीही हरकत नाही.' अक्षर मोत्यासारखं. सही ठळक. आणि रत्नव्वाला विचारायचं राहूनच गेलं. ज्याच्यासाठी त्याग करायचा त्यालाच विचारलं तर त्याग कसला? त्याची नुसती चर्चा होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या पायऱ्यांवर ती समोर आली. छत्री मिटलेली, पाऊस चालू, हातात इंदुलकरनं दिलेली ती ना-हरकत.

"हे अक्षर तुमचं?"

"हो. म्हणजे — मला वाटलं की तुमच्या—"

"शुद्धलेखन लई झ्याक हाय." तिनं कागद घडी करून परत उलगडला. "कोणतीही हरकत न्हाई. कोणतीही! एकबी न्हाई सापडली तुला?"

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. ते नृसिंहच्या ध्यानात आलं, पण आनंद मानायची ही वेळ नव्हती.

"तुमचं कॉलेज सुटू नये म्हणून मी—"

"माझं मी बघीन की! आमच्या अडतीत ढेप विकायची तरी आधी शेतकऱ्याला विचारत्यात. मला ढेपेइतकं तरी इचारायचंस." तिचा आवाज जरा ओला झाला, पण तो पावसाचाही असेल. "सगळं गाव मला कुठंतरी द्यायला बसलंय. निपाणीला दे, इंदुलकराला दे. एक माणूस 'देत न्हाई' म्हणंल असं वाटलं हुतं. जाऊ दे."

ती गेली. इंदुलकरच्या संघात गेली नाही, अडतीतल्या चटईवरही आली नाही.

"काय केलंस रं मर्दा?" ज्ञानूनं विचारलं. नृसिंहनं सांगितलं. ज्ञानूनं दंड चोळला. "समोरचा पकडीत आल्यावर सोडून देणारा पैलवान मी पयल्यांदाच बघितला," तो म्हणाला.

*

नावं बदलायची मुदत शनिवारी पाचपर्यंत. चार वाजून वीस मिनिटांनी नृसिंह ऑफिसात पोचला. टेबलामागं कारकून आकाराम. कॉलेज प्राचार्य चालवतात असा प्राचार्यांचा समज होता.

"ना-हरकत परत घ्यायची आहे," नृसिंह म्हणाला.

"तशी घेता येत न्हाई. दिलं ते दिलं." आकारामनं चष्मा कपाळावर चढवला. "हां, हरकतीचा अर्ज करता येतो. कोरा कागद घ्या. कारण लिवा."

नृसिंहनं लिहिलं, 'संघाच्या हिताच्या दृष्टीने.' आकारामनं कागद परत सरकवला. "ह्यो मोघमपणा झाला. कारण म्हणत्यात ते न्हाई ह्यात."

त्यानं लिहिलं, 'तयारी अपुरी राहील.' कागद पुन्हा परत आला. "तयारी तुमची. हरकत तिच्या जाण्याला. दोन्हींचा संबंध दावा."

घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती. नृसिंहनं तिसरा कागद घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची परवानगी न काढता त्यानं एक वाक्य लिहिलं, आणि डोळे मिटून पुढं केलं.

आकारामला प्रत्येक अर्ज मोठ्यानं वाचायची सवय होती. मोठ्यानं म्हणजे कोल्हापुरी मोठ्यानं. बाहेर व्हरांड्यात ऐकू जाईल इतक्या.

"'सदर विद्यार्थिनी — नसल्यास — अर्जदारास — करमत नाही.'" तो थांबला. चष्मा खाली आला. "हां. ह्याला म्हणत्यात कारण. कधीपासनं?"

"...काय?"

"कधीपासनं करमत न्हाई? तारीख लागती."

"अठरा नोव्हेंबर," नृसिंह पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"अठरा नोव्हेंबर!"

"सकाळी का दुपारी?" दारातून आवाज आला.

रत्नव्वा उभी होती. हातात तिचा स्वतःचा अर्ज : स्पर्धेतून नाव काढून टाकण्याचा.

"सकाळी," नृसिंह म्हणाला. अडखळला नाही. "तू पेन घेतलंस तेव्हा."

त्याचंही 'तू' झालं होतं. हातातल्या अर्जाच्या रत्नव्वानं शांतपणे चार घड्या घातल्या, मग आठ. ओठ गच्च मिटलेले, पण गालावर हसू दिसायचं ते दिसलंच.

आकारामनं शिक्का उचलला, त्यावर हाः करून फुंकर मारली आणि धाडकन उमटवला. "हरकत मंजूर," तो म्हणाला. "आता दोघंबी भाईर व्हा, मला कुलूप लावायचंय."

*

स्पर्धेत अडचण अशी आली : एका व्यापाऱ्याचा माल दूर गुजरातेत पोचेपर्यंत ओला झाला, जुनं गिऱ्हाईक रागावलं, व्यापाऱ्यानं काय करावं? इंदुलकरच्या संघानं, ऐनवेळी मिळालेल्या नव्या तिसऱ्यासह, नवीन गोदामाचा आराखडा फळ्यावर काढला. टाळ्या पडल्या. नृसिंहनं मुद्दे सांगितले, चांगले सांगितले. ज्ञानूनं नकाशा धरला. इतका ताठ की नकाशाची चुणीही हलली नाही. मग एका परीक्षकानं — म्हातारा व्यापारी, पांढऱ्या मिशांचा — रत्नव्वाला विचारलं, "बाळ, तू असतीस तर पहिल्यांदा काय केलं असतंस?"

"मी स्वतः गेली असती," ती म्हणाली. "तार न्हाई, पत्र न्हाई. माणसाचा राग कागदावर निघत न्हाई. त्याच्यापुढं तोंड न्यायला लागतंय. गोदाम मग बांधू."

शेवटच्या रांगेत भरमाप्पा बसले होते. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

पहिला आला इंदुलकरचा संघ. यांचा दुसरा. पुण्याला फक्त पहिला जाणार होता.

बाहेर फाटकाशी बापलेक समोरासमोर उभे राहिले. नृसिंह चार पावलांवर.

"न्हाई गेलीस पुण्याला," भरमाप्पा म्हणाले.

"न्हाई, आप्पा."

"ते तोंड न्यायचं कुठं शिकलीस? कॉलेजात?"

"तुमच्याकडं बघून. कॉलेजात नुसतं बोलायला शिकले."

भरमाप्पांनी पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला. त्याला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ लावला.

"उद्या मी निपाणीला जाऊन येतो," ते म्हणाले. "न्हाई म्हणून सांगायचंय. पत्रानं बरं दिसत न्हाई."

*

दोन दिवसांनी दुपारी नृसिंह अडतीत गेला. आता तयारी कसलीच नव्हती. चटईही पडली नव्हती. पाऊस अखेर गेला होता आणि थप्प्यांवर स्वच्छ ऊन पडलं होतं. आप्पा दाराशी ढेपा उतरवून घेत होते. रत्नव्वाच चहा घेऊन बाहेर आली. चहा पिऊन झाला. नृसिंहनं कप खाली ठेवला, उठला, आणि घरी पाठ केलेलं भाषण विसरला.

"मला... आभार मानायचे होते," तो म्हणाला. "म्हणजे नेमके कशाकशाचे ते — यादी मोठी आहे."

"आमच्यात आभार मानत न्हाईत," रत्नव्वा म्हणाली.

"मग काय करतात?"

"परत येत्यात."

त्यानं मान हलवली. पायात चपला घातल्या, निघाला, ढेपांच्या गाड्यांमधून वाट काढत पेठेच्या कोपऱ्यापर्यंत गेला. तिथं क्षणभर उभा राहिला. आणि वळून, सरळ चालत, परत आला.

"इतक्यात?" रत्नव्वा हसू दाबत म्हणाली.

"हो."

भरमाप्पांनी ढेपेवरची नजर काढली नाही. फक्त आतल्या बाजूला हाक दिली, "हिराबाई... च्या आणखी एक कप टाक गं. पावणं आल्यात."