पट्ट्यावरची तिसरी खूण

ही गोष्ट खरी आहे. माझ्या बायकोला ती अजून पटलेली नाही, तेव्हा तुम्हाला पटलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण जे झालं त्यात तिखटमीठ लावणार नाही.

तारीख २३ नोव्हेंबर १९८६. रविवार. उल्हासनगर, कॅम्प नंबर चार, माझं दुकान. संध्याकाळचे सात. भुतं रात्री बारालाच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबावं.

मी नाथा. नाटकांना आणि शाळांच्या गॅदरिंगला कपडे भाड्यानं देतो. राजे, वकील, पोलीस... सगळे माझ्याकडे खुंटीला टांगलेले. पण माझं खरं वेड जुन्या पोलिसी कातड्याचं. कमरेचे पट्टे, रिव्हॉल्व्हरची होल्स्टर. आमच्या गावात कशाचीही नक्कल मिळते. नवा पट्टा चहाच्या पाण्यात बुडवतात, ऑइल चोपडतात आणि चाळीस वर्षांचा म्हणून खपवतात. मला फसवणं मात्र कठीण. मी पट्टा आधी उलटा करतो. खरा वापरलेला पट्टा आतून घामानं काळा पडलेला असतो, आणि घामाची नक्कल अजून कुणाला जमलेली नाही.

त्या ऑक्टोबरात लछमन भंगारवाल्यानं एक पट्टा आणला. जाड, एकपदरी कातडं. पितळेचं जड बक्कल. अस्सल माल.

आतल्या बाजूला काठाशी दोन बारीक आडव्या चिरा होत्या. दोहोंत अर्ध्या वितीचं अंतर. मला वाटलं, कुणीतरी भोक पाडायला गेला असेल आणि जागा चुकली असेल. अंबरनाथच्या एका नाटक मंडळाला तो पट्टा हवा होता. म्हणून मी चिरांत मेण भरलं, वर काळं पॉलिश मारलं आणि पट्टा गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला.

तीच माझी चूक.

त्या रविवारी सातला लाइट गेले. मी मेणबत्ती लावून बाहेर गल्ल्यापाशी बसलो होतो. आणि आतल्या खोलीतून आवाज आला...

टक्.

पितळ फरशीला टेकल्याचा आवाज. तो मी झोपेतही ओळखेन.

मग काहीच नाही...

मग कातडं करकरलं. हळूच.

उंदीर असेल म्हणून मी मेणबत्ती घेऊन आत गेलो. ट्रंकेचं झाकण बंद होतं. कडी लावलेली.

आणि पट्टा दाराच्या चौकटीला लागून उभा होता.

टांगलेला नव्हे. तिथे खिळाच नाही. बक्कल फरशीला टेकलेलं आणि पट्टा सरळ वर... कुणीतरी वरून ताणून धरल्यासारखा. चौकटीपाशी खोबरेल तेलाचा वास होता. लहान पोरांच्या डोक्याला येतो ना, तसा.

मी किती वेळ तिथे उभा होतो, सांगता येणार नाही. लाइट आले आणि पट्टा खाली पडला.

चिरांत भरलेलं मेण फरशीवर सांडलं होतं. दोन्ही चिरा उघड्या. आणि त्यांच्या वर, एकदम वीतभर अंतरावर...

तिसरी.

ताजी. आतलं कातडं अजून फिकट दिसत होतं.

माल कुठून आणला हे आमच्या धंद्यात विचारायचं नसतं. मी दुसऱ्याच दिवशी विचारलं. लछमन आधी चिडला, मग माझा चेहरा बघून म्हणाला, "बदलापूर के आगे, सोनिवली. इंदुबाई. आदमी पुलिस में था."

इंदुबाईचं घर साधं, कौलारू, पुढे ओटी. तिचा नवरा धोंडिबा पोलीस शिपाई होता. त्याच सालच्या जूनमध्ये वारला होता. मी पट्टा पुढे ठेवला तेव्हा तिनंही तो आधी उलटाच केला.

मग ती सांगू लागली. त्यांना एक मुलगी होती, वेणू. तिच्या वाढदिवसाला धोंडिबा तिला आतल्या दाराच्या चौकटीला उभी करायचा, टाचेशी बक्कल टेकवायचा आणि डोक्याच्या उंचीला पट्ट्यावर मोच्याच्या आरीच्या टोकानं खूण करायचा. भिंतीवरची खूण चुन्यानं जाते, कातड्यावरची जात नाही, म्हणायचा. पहिल्या वाढदिवसाला केली. दुसऱ्या वाढदिवसाला केली. तिसरा वाढदिवस पोरीनं पाहिलाच नाही. तापानं गेली. धोंडिबा तेव्हा बंदोबस्तावर होता, रजा मिळाली नाही. आला तेव्हा सगळं उरकलं होतं.

पुढे नवा पट्टा मिळाला, जुना जमा करायचा होता. यानं हरवला म्हणून सांगितलं आणि शिक्षा म्हणून दोन महिने जादा पहारा केला. पण पट्टा पेटीत ठेवला तो परत काढला नाही. मरेपर्यंत ओटीवरच जेवला आणि ओटीवरच झोपला. त्या आतल्या दारापाशी त्याचा पाय पडत नसे. तो गेल्यावर तिनं पेटी न उघडताच भंगारात दिली, त्यात पट्टाही गेला.

"दोनच खुणा हायेत तिच्या," इंदुबाई म्हणाली आणि पट्ट्यावरून बोट फिरवू लागली. एक. दोन.

बोट पुढे गेलं... आणि थांबलं.

तिनं वीत लावून पाहिली. ही कधी पडली, विचारलं. मी तारीख सांगितली. ती बोटांच्या पेरांवर मोजत राहिली.

"तेवीस तारीख तिचीच. औंदा पाच पुरी झाली असती." मग तिनं तिसऱ्या खुणेवर पुन्हा बोट ठेवलं. "हे व्हते तवर दोन वर्सं खूण न्हाय पडली. हे गेले आन् पडली."

तिनं पट्टा छातीशी धरला.

"म्हंजे भेटली त्यांना."

मी रडलो. परक्या घरात, परक्या बाईसमोर. लाज वाटली नाही.

पट्टा तिनं घेतला नाही. या घरात ते आत येणार नाहीत, म्हणाली. तुमच्याकडे येतात तर येऊ द्या. मला फक्त दरसाल येऊन सांगा, पोर केवढी झाली.

पुढल्या वर्षी चौथी खूण पडली. मी सांगायला गेलो. ती आधी हसली, मग उरलेल्या कातड्यावर अंगठा ठेवला. जेमतेम बोटभर उरलं होतं.

"आता फुडं जागाच न्हाय," एवढंच म्हणाली.

अस्सल पट्ट्याला जोड देणं म्हणजे आमच्याकडे पाप. मग त्याला अस्सल म्हणायची सोय राहत नाही. मी एक पूर्ण दिवस बसलो. कड तासली, नव्या कातड्याचा वीतभर तुकडा लावला आणि दुहेरी शिवण घातली. इतकं नीट काम मी आयुष्यात केलं नसेल.

२३ नोव्हेंबर १९८८. मी दुकानाच्या पायरीवर पाठ करून बसलो.

टक्...

सकाळी खूण नव्या कातड्यावर होती.

त्यानंतर आणखी एकदा जोड दिला. दरसाल सोनिवलीला जात राहिलो. १९९७ साली मात्र नवी खूण पडली नाही. गेल्या वर्षीच्याच चिरेत पुन्हा आरी फिरली होती. मी भीतभीतच इंदुबाईला सांगितलं, तर ती हसायला लागली. सोळाव्या वर्षी पोरींची वाढ थांबतेच, म्हणाली.

मग ती उठली. मला आतल्या दारापाशी नेलं आणि पट्टा चौकटीला धरायला लावला. स्वतः पाठ टेकवून, टाचा जुळवून, ताठ उभी राहिली. खूण तिच्या डोक्याच्या दोन बोटं वर होती.

तिनं हात वर नेऊन चाचपलं.

"माझ्या डोईच्या वर गेली," म्हणाली.

पट्ट्याचं वरचं टोक माझ्या चिमटीत होतं. दोन जोड दिलेलं जाड कातडं, खाली पितळेचं बक्कल. असा पट्टा ताणून धरला की मनगट भरून येतं.

माझ्या हाताला वजन लागत नव्हतं. त्या आतल्या दारापाशी पट्टा वरून आणखी कुणीतरी धरला होता.

हे मी इंदुबाईला अजून सांगितलेलं नाही. येत्या तेवीस तारखेला परत जायचं आहे.